सातही उत्तरं बरोबर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईगडबडीत नाही. बघून, समजून, सही-शिक्का मारून लिहिलंत. काय लिहिलंत ते शेवटी सांगणारच आहे मी. त्याआधी त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पडद्याच्या अलीकडं, आमच्या घरात काय चाललं होतं ते वाचा. तुम्ही सगळं बघत होतात. तरी वाचा.

"उजे, साहेब आला?"

आप्पा केवढ्यानं ओरडले! ते नेहमीच ओरडून बोलतात. स्वतःचा आवाजही त्यांना येत नाही, त्यामुळं कमी-जास्त कळत नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, तातोबा लाटणे. इचलकरंजीत एकाच मालकाच्या शेडमध्ये एकतीस वर्षं माग चालवला. तुमच्या कागदावर ते 'अर्जदार' आहेत.

मी मान हलवून सांगितलं, आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्ही दिसायला लागला होतात. निळा मास्क, चष्मा, मागं कपाट. शेजारच्या चौकोनात मालकाचे वकील. त्यांचाही मास्क. साथीचं दुसरं वर्ष होतं, गाव बंद होतं, म्हणून सुनावणी अशी घरबसल्या ठेवली होती तुम्ही. नोटिशीत लिहिलं होतं : अर्जदाराने स्वतः पडद्यासमोर हजर राहावे. अर्जदार हजर न राहिल्यास अथवा प्रतिसाद न दिल्यास प्रकरण एकतर्फी निकाली काढण्यात येईल.

ते शेवटचं वाक्य मला पाठ होतं. आठ दिवस मी त्याच्यासोबतच जेवत होते.

आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. आईनं मागच्या भिंतीवरचं मळकं कॅलेंडर काढून नवीन लावलं होतं आणि तुमच्या नजरेला मोरीचं दार पडू नये म्हणून टेबल हातभर सरकवलं होतं. कॅमेरा इर्शादभाईंचा. इर्शादभाईंचं स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आदल्या दिवशी शटर अर्धं वर करून त्यांनी तो माझ्या हातात दिला होता. मी घरी येऊन जोडून बघितला. चित्र आलं. आम्ही तिघं पडद्यावर दिसलो, तर आईनं पदर नीट केला आणि आप्पा हसले. झालं, म्हटलं. जमलं.

आवाज बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी लोकांचे अर्ज टाइप करते, घरातच. टायपिंगला आवाज लागत नाही. आणि आमचं घर आवाजावर चालतच नाही. आई आप्पांच्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. शंभर माग धडधडत असताना तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. माणसं हातानं बोलतात, नाहीतर ओठ बघून ओळखतात. दोन बोटं एकमेकांवर घासली की कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की मालक आला. तळहात आडवा फिरवला की बंद कर. आई-आप्पांचं भांडणसुद्धा असंच व्हायचं, हातवाऱ्यांनी. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरात असंच असतं.

तुम्ही बोलत होतात. मास्क हलत होता. आवाज नव्हता.

"साहेब, आवाज येत नाही," मी म्हणाले.

तुम्ही हात हलवलात. म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मी स्पीकरचं बटण फिरवलं. पूर्ण फिरवलं. काही नाही. खालच्या कोपऱ्यातलं भोंग्याचं चित्र बघितलं, त्याच्यावर फुली नव्हती. आवाज शंभरावर होता. शंभरावर आणि शून्य.

"साहेब, आवाज येत नाहीये. एक मिनिट."

आप्पांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग स्पीकरकडं. पुढं वाकले आणि स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. शेडमध्ये ते मागाच्या लाकडावर ठेवायचे, तसा. थोडा वेळ तसेच थांबले.

"ह्यात जीव न्हाई," ते ओरडले. "मेलाय ह्यो."

आईला हसू आलं. "बघा. घरात पहिल्यांदा कळलं कुणाला, तर ह्यांला!"

मला हसू येईना. मी इर्शादभाईंना फोन लावला. आमच्याकडं दोनच फोन, दोन्ही बटणांचे. एक खांद्यात धरला.

"ताई, घाबरू नका. भोंग्यावर उंदराचं उजवं बटण दाबा. काय काय येतंय वाचा."

मी वाचलं.

"स्पीकरच्या पुढं हिरवी खूण हाय का?"

"आहे."

"मग कॉम्प्युटरला वाटतंय आवाज चाललाय. हिरवी खूण म्हणजे चालूच. आता मागं जावा. डब्याच्या मागं तीन भोकं हायत. गुलाबी, हिरवं, निळं. पिन कुठल्यात हाय?"

मी टेबलाखाली शिरले. वर तुम्ही बोलत होतात, आणि खाली मी अंधारात रंग शोधत होते. "हिरव्यात!"

"काढा, परत घाला. दाबून. टक् म्हणून लागलं पायजे."

दाबलं. टक् म्हटलं नाही. परत दाबलं. पिन कुठं तरी मऊ जागी टेकायची आणि थांबायची.

"आत जाईना, इर्शादभाई."

"जोर लावा."

"लावला. मोडंल की."

"मोडू नका! मोडलं तर नवा मदरबोर्ड मी आता कुठनं आणू? सगळा माल बंद हाय. बरं, ते ठेवा. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा."

"बंद केला तर साहेब जातील! गैरहजर लावतील."

"ताई, मी तिथं असतो तर दोन मिनिटांचं काम होतं," इर्शादभाई म्हणाले. "पोलीस कोपऱ्यावर उभे हायत. काल एकाला पळवून लावला."

मी बाहेर आले. केसात जळमटं. तुम्ही घड्याळ बघत होतात. मी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. "साहेब, आमच्याकडं आवाज बंद पडलाय. आम्हाला तुमचं काहीच ऐकू येत नाही. तुम्हाला आमचं येतंय का? येत असेल तर हात वर करा."

तुम्ही हात वर केला नाहीत. मान खाली घालून काहीतरी लिहिलंत.

म्हणून मी धरून चालले की तिकडंही जात नसेल. पडद्याच्या कडेला लिहायची एक पट्टी होती, तिच्यात टाइप केलं : साहेब आवाज येत नाही कृपया थांबा. माझा हात चालतो, साहेब. एका दमात तीनदा पाठवलं. तीन ओळी एकाखाली एक जाऊन बसल्या. तुमची नजर तिकडं गेली का नाही, ते मला दिसलं नाही. वकील मात्र खुर्चीत मागं रेलले. त्यांचे डोळे हसत होते. मास्कवरून सुद्धा कळतं ते.

या वकिलांचं म्हणणं एवढंच होतं की तातोबा बहिरा नाही. सोंग करतो. शेडमध्ये सगळ्यांशी बोलतो, चेष्टा-मस्करी करतो, मालकानं सांगितलेलं काम बरोबर करतो. मग बहिरा कसा? दवाखान्याचा कागद होता आमच्याकडं, दोन्ही कानांचा, त्यातली रेघ जिना उतरल्यासारखी खाली गेलेली. वकील म्हणाले, कागद जुना आहे. नवीन तपासणी करायला दवाखान्याची ती खोली बंद. म्हणून तुम्ही म्हणालात, मी स्वतः बघतो.

आम्ही मागितलं काय होतं? दोन्ही कानांची यंत्रं, आणि कान मागामुळं गेले असा एका ओळीचा दाखला. ती ओळ असली की कमी आवाजाच्या खात्यात काम मिळतं, कापडाच्या घड्या मारायचं. माग चालवायचा हट्ट आप्पांनी सोडला होता. मागच्या दिवाळीत सायकलवरून येताना मागचा टेम्पो त्यांना ऐकू आला नव्हता. खुबा वाचला, एवढंच.

पंधरा मिनिटं गेली. मी तीनदा टेबलाखाली जाऊन आले. इर्शादभाईंनी डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं, ड्रायव्हर काढून परत घालायला लावला, दुसऱ्या वायरी हलवायला लावल्या. माझ्या हाताला घाम सुटून माऊस निसटत होता. मी पडद्याकडं बघून दोन्ही हात जोडले. तुम्ही पेन टेबलावर आपटत होतात. त्याचाही आवाज नव्हता.

"एकतर्फी लावणार," मी म्हणाले. "आई, एकतर्फी लावणार हे."

तेवढ्यात कुणीतरी तुमच्यापुढं चहाचा कप ठेवला. तुम्ही मास्क हनुवटीखाली ओढलात.

आप्पा ताठ झाले.

वर्षभर माझ्या बापानं माणसाचं तोंड बघितलं नव्हतं, साहेब. घरातली दोन सोडून. दूधवाला मास्कात, दुकानदार मास्कात, पोलीस मास्कात. सगळं गावच्या गाव तोंड झाकून बसलं तेव्हा आप्पांचं उरलंसुरलं ऐकणं पण गेलं. दुकानात ते पैसे पुढं करून नुसते उभे राहायचे. आणि आता पडद्यावर एक उघडं तोंड.

"उजे, सरक," ते म्हणाले. खुर्ची पुढं ओढली. "साहेब नाव इचारालाय."

"काय?"

"नाव. नाव इचारालाय माझं." मग पडद्याकडं बघून, शेजारच्या गल्लीला जाईल अशा आवाजात, "तातोबा बाळू लाटणे!"

तुम्ही चमकलात. मी बघितलं ते. कप खाली ठेवलात. परत काहीतरी बोललात.

"एकोणसाठ! आखाडात साठ लागंल!"

"आप्पा, कळतंय तुम्हाला?" मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन विचारलं.

"कळतंय की. साहेबाचं तोंड झकास हाय. आमच्या शेडातल्या जॉबरगत. शबूद न् शबूद चावून बोलतोय. आता तू मधी येऊ नको."

मी फोनमध्ये ओरडले, "इर्शादभाई, आप्पांना कळतंय! ओठ बघून!"

"काय सांगता!" तिकडनं ते पण ओरडले. "आवं, मग ड्रायव्हर कशाला पायजे? आप्पाच ड्रायव्हर!"

पाव तास रडकुंडीला आल्यावर असलं काही झालं की माणसाला काय होतं, ते तुम्हाला ठाऊक नसेल. मी हसत होते आणि डोळे पुसत होते. आप्पा उत्तरं देत होते, खणखणीत. एकतीस वर्षं. चार माग, एका वेळी चार. मग एक मोठा प्रश्न आला असणार, कारण आप्पा डोळे बारीक करून पुढं झुकले, आणि म्हणाले, "न्हाई साहेब, मालक काय देत नव्हता कानात घालाय. आमीच कापूस कोंबायचो. जॉबरनं बघितलं की काढाय लावायचा, म्हणायचा मागाचा बिघाड ऐकू येत न्हाई."

इथं आईनं माझी ओढणी ओढली. मी बघितलं तर ती तळहात आडवा फिरवत होती. बंद कर.

"काय?"

परत तळहात. बंद कर, बंद कर. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आप्पा मालकाविरुद्ध बोलले म्हणून घाबरली. ती अजून त्याच शेडमध्ये कांड्या भरत होती.

"आई, मध्ये मध्ये करू नकोस. आता कुठं जमतंय," मी म्हणाले. मी म्हणाले, साहेब. हे माझं आहे, ते मी तुमच्यावर ढकलत नाही. वर आप्पांच्या पाठीवर थाप मारून खूण केली, बोला, बोला.

"धा-बारा वर्सं झाली," आप्पा सांगत होते. "आधी पोरीचा आवाज जायला लागला. बारीक आवाज आधी जातो. मग बायकोचा. मालकाचा सगळ्यात शेवटी गेला, त्यो लई ओरडायचा."

वकील पडद्यावर हसले. तुम्हीसुद्धा हसलात. कप उचललात, घोट घेतलात, आणि ओठ जेमतेम हलवत काहीतरी म्हणालात. शेजारच्या माणसाला सहज म्हणावं तसं.

"झाला साहेब, सकाळीच," आप्पा म्हणाले. "तुमचा गार व्हायला लागलाय, घ्या."

तुम्ही कप ठेवलात. वकिलांकडं बघितलंत. मान हलवलीत. आणि पडदा काळा झाला.

आप्पा खुर्चीतून उठले ते नवरदेवासारखे. "चांगला माणूस हाय," म्हणाले. "शेवटी चहा झाला का इचारलं. वरिसभरात कुणी इचारलं न्हवतं."

मी आईकडं बघितलं. ती नवीन कॅलेंडर भिंतीवरून काढत होती.

"आता ते कशाला काढतेस?"

"मी बंद कर म्हणत होते," ती म्हणाली. एवढंच. जुनं कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

तरीही मला कळलं नाही. तुमचा कागद यायला तेवीस दिवस लागले. तो मी उंबऱ्यातच उघडला. त्यात सात प्रश्न आणि सात उत्तरं होती, एकाखाली एक. आमच्याकडं आलाच नव्हता तो आवाज, त्यातले प्रश्न मी पहिल्यांदा तिथं वाचले. आणि आप्पांची उत्तरं शब्दाला शब्द. आखाडात साठ लागंल, हेसुद्धा. म्हणजे आमचा आवाज तुमच्याकडं जात होता. पहिल्यापासून जात होता.

खाली लिहिलं होतं, जसंच्या तसं देते :

'अर्जदारास विचारण्यात आलेल्या सातही प्रश्नांची त्याने अचूक उत्तरे दिली. त्यांपैकी मुद्दाम अत्यंत हळू आवाजात विचारलेल्या अनौपचारिक प्रश्नासही त्याने तत्काळ व समर्पक प्रतिसाद दिला. यावरून अर्जदाराची श्रवणशक्ती सर्वसाधारण असल्याचे दिसून येते. सबब अर्ज नामंजूर.'

चहा झाला का. तेवढ्यासाठी विचारलंत होय?

आप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येतं. दोनदा वाचला, घडी घातली, माझ्याकडं परत दिला. "बरोबर हाय की," म्हणाले. "सगळी उत्तरं बरोबर दिली मी." आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

गाव उघडल्यावर इर्शादभाई आले. डबा उलटा केला, बॅटरी मारली, आणि गोधडीची सुई मागितली. हिरव्या भोकातून त्यांनी कापूस काढला. बारीक तंतू, वर्षानुवर्षं शेजारच्या शेडमधून उडत आलेला, आत जाऊन दबून घट्ट झालेला. आईनं टेबल सरकवताना पिन हिसकली, ती परत आत जाताना त्याच्यावरच अडली. तळहातावर ठेवला तर एवढीशी गोळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. मग पिन घातली. टक्.

"बोला आता काहीतरी," इर्शादभाई म्हणाले. त्यांनी एक गाणं लावलं. खोली भरून गेली. आई उठून बाहेर गेली.

मी त्यांच्याकडून लेखी घेतलं. बिलाच्या कागदावर, तारखेसकट : अमुक दिवशी सदर कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण बंद होता, फोनवरून दुरुस्तीचा प्रयत्न केला, यश आले नाही. खाली त्यांची सही. तो कागद जोडून फेरविचाराचा अर्ज केला. कापसाची गोळीपण चिकटपट्टीनं चिकटवून पाठवली. उत्तर आलं, 'नवीन पुरावा नाही.' गोळी परत आली नाही. परत अर्ज केला. परत. गावातल्या लोकांचे अर्ज टाइप करता करता हात बसला होता, आता स्वतःचे लिहून लिहून हे असं लिहायला लागले. शाळा माझी आठवीपर्यंत.

पाच वर्षं झाली. मास्क गेले. सगळ्यांची तोंडं परत उघडी झाली.

आप्पा बघत नाहीत. कुणाच्या तोंडाकडं बघत नाहीत. कुणी बोलायला लागलं की मान खाली घालून त्याच्या पायाकडं बघतात. पहिल्यांदा मला वाटलं, खचलेत, निघेल हळूहळू. मी समोर बसून त्यांची हनुवटी वर उचलली, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. आईनं अंगठा ओठाला लावून चहा विचारला, तर तिच्या हाताकडंपण बघितलं नाही. चहा समोर ठेवला की पितात. एकदाच बोलले, मागच्या श्रावणात, तेही ओरडून नाही, इतकं हळू की मला पुढं वाकावं लागलं. म्हणाले, "बघितलं की ऐकू येतंय म्हणत्यात, उजे."

साहेब, हा माझा बारावा कागद. अर्ज म्हणून अकरा लिहिले, म्हणून हा असा लिहिला. तुमची बदली झाली असेल, निवृत्त झाला असाल, त्याच्याशी मला घेणं नाही. सही तुमची आहे.

त्या सकाळी पडद्याच्या अलीकडं आम्ही तिघं होतो. मला ऐकू येत नव्हतं. माझ्या आईला ऐकू येत नव्हतं. दोघींचे कान धडधाकट आहेत. मी तुम्हाला तोंडानं तीनदा सांगितलं, लिहून तीनदा पाठवलं. आप्पांचं आखाडात साठ लागंल हे तुम्ही उतरवून घेतलंत, माझं एकसुद्धा वाक्य त्या कागदावर नाही.

मग एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. आठवा प्रश्न समजा. ज्या खोलीत आवाजच नव्हता, त्या खोलीत माझ्या बापाला काय ऐकू आलं?

लेखी द्या. सही करून द्या. मी त्यांना वाचायला देणार आहे.